पर्माकल्चरवरच्या संशोधनाला पैसे द्यायचेत, पण नेमके कशासाठी?

तुमचा प्रश्न मला असा कळला: तुमचा एक छोटा गट आहे, पर्माकल्चरमधून, म्हणजे जागा, पाणी आणि झाडं बघून शेताचा आराखडा काढायच्या पद्धतीतून, अन्नसुरक्षा साधता येईल असं तुम्हाला मनापासून वाटतं, म्हणून त्यावरच्या संशोधनाला हातभार लावायचाय, आणि समोर एक प्रपोजल आलंय ज्यात दोन वर्षांत एक मॉडेल फार्म उभा करून "उत्पादन किती वाढलं" ते मोजणार आहेत. पैसे द्यावेत का?

शेतकऱ्यांच्या रानात चाचण्या लावणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे आणि अशी प्रपोजल्स तपासायलाही येत असतात, तर स्पष्टच सांगतो, आहे त्या रूपात नका देऊ. पण नाही म्हणूनही टाकू नका, कारण तेवढ्याच पैशात यातून खूप चांगलं काम निघू शकतं, फक्त काय मोजायचं, कुणाच्या शेतावर मोजायचं आणि किती दिवस मोजायचं हे तिन्ही बदलावं लागेल.

आधी मूळ अडचण. ते मोजणार आहेत किलो, आणि तुम्हाला उत्तर हवंय ताटाचं. अन्नसुरक्षेची जी व्याख्या आज सगळीकडे चालते ती १९९६ च्या रोममधल्या जागतिक अन्न शिखर परिषदेतून आली, तिचा सारांश असा की सगळ्या माणसांना, सगळ्या वेळी, पुरेसं आणि पोषक अन्न मिळवता आलं पाहिजे, शारीरिकदृष्ट्याही आणि पैशाच्या दृष्टीनेही. त्यातून चार बाजू धरतात: अन्न उपलब्ध आहे का, ते घरापर्यंत पोचतं का, खाल्लेलं अंगी लागतं का, आणि हे सगळं वर्षभर टिकतं का. शेतातले किलो यातल्या पहिल्या बाजूबद्दल थोडंफार सांगतात, बाकीच्या तीनबद्दल जवळजवळ काहीच नाही.

एक साधा हिशोब करून बघा म्हणजे मुद्दा लगेच कळेल. मदतकार्यात माणशी दिवसाला २१०० किलोकॅलरी धरून नियोजन करतात. म्हणजे वर्षाला ७,६६,५०० किलोकॅलरी. धान्यात किलोमागे साधारण ३४०० धरल्या तर एका माणसाला सव्वादोनशे किलो धान्य लागतं. तेवढ्याच कॅलरी कोबीतून काढायच्या म्हटलं, किलोमागे अडीचशे धरून, तर तीन टनांच्या वर कोबी! कुणी नुसता कोबी खाऊन राहत नाही हे मलाही कळतं, पण "एवढ्याशा जागेत एवढे टन पीक" असा रिपोर्ट हातात आला की त्यातलं किती धान्य, किती कंद, किती कडधान्य आणि किती पालेभाजी हे आधी विचारा. टन म्हणजे बऱ्याचदा पाणी असतं.

याची दुसरी बाजूही आहे बरं का. नुसत्या कॅलरी मोजल्या तर पर्माकल्चरवर अन्याय होतो, कारण त्याची खरी ताकद दिसली तर ती ताटातल्या विविधतेत आणि वर्षभर थोडं थोडं काहीतरी निघत राहण्यात दिसेल. आणि हे मोजायची साधनं तयार आहेत, नवीन काही शोधायची गरज नाही. एक म्हणजे महिलांच्या आहारविविधतेचं माप, त्यात १५ ते ४९ वयाच्या बाईला कालच्या दिवस-रात्रीत काय काय खाल्लं ते विचारतात आणि दहा अन्नगटांपैकी पाच किंवा जास्त गट आले का ते बघतात (हे माप गटाबद्दल बोलतं, एकट्या बाईबद्दल निष्कर्ष काढायला ते नाही, ही चूक फार होते). दुसरं, एफएओची (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आठ प्रश्नांची प्रश्नावली: पैशाअभावी किंवा साधनांअभावी जेवण कमी करावं लागलं का, उपाशी राहावं लागलं का, असे हो-नाहीचे प्रश्न. आणि तिसरं माझ्या सगळ्यात आवडीचं, साधं म्हणून: मागच्या बारा महिन्यांत कुठल्या कुठल्या महिन्यात घरात खायला कमी पडलं. बस्स. एखाद्या घराचे तंगीचे महिने चारावरून दोनावर आले तर ती बातमी आहे, मग टन किती का निघेनात.

फक्त वेळ नीट निवडा. फळं-भाज्या भरात असताना सर्व्हे केला की सगळं छानच दिसतं. तंगीच्या महिन्यात एकदा आणि सुगीनंतर एकदा, दरवर्षी त्याच त्या महिन्यांत, असं करायला हवं.

आता दुसरी गोष्ट, जिथे निम्मी प्रपोजल्स अडखळतात. पर्माकल्चर ही खताच्या डोससारखी एक ट्रीटमेंट नाहीये. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात हे मांडलं, १९७८ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं, आणि तेव्हापासून ती डिझाइन करायची पद्धत आहे: पाणी कुठून येतं, उतार कसा आहे, घरापासून कशाला रोज जावं लागतं, कुठलं झाड कुणाच्या सावलीत चालेल, हे बघून प्रत्येक जागेचा आराखडा वेगळा काढायचा. एका शेतावर समतल चर आणि फळझाडं असतील, दुसऱ्यावर कोंबड्या, तळं आणि आच्छादनाचे वाफे. दोघंही म्हणणार आमचं पर्माकल्चर! मग "पर्माकल्चर चालतं का" या प्रश्नाला उत्तर कसं देणार, चालतं म्हणजे नक्की काय चालतं?

ही अडचण नवी नाही. भात लावायच्या एसआरआय (सिस्टिम ऑफ राइस इंटेन्सिफिकेशन) पद्धतीचं असंच झालं. १९८० च्या दशकात मादागास्करमध्ये ती तयार झाली, कोवळी रोपं, लांब अंतर, शेतात सतत पाणी न तुंबवणं वगैरे, आणि पुढे काहींनी प्रचंड उत्पादनाचे दावे केले, तर २००६ च्या एका विश्लेषणात असं निघालं की मादागास्कर सोडून इतरत्र ती शिफारस केलेल्या उत्तम पद्धतीपेक्षा सरस ठरत नाही. समर्थक म्हणाले तुम्ही खरं एसआरआय केलंच नाही, टीकाकार म्हणाले तुम्ही तुलना दुबळ्या शेताशी केली. वर्षानुवर्षं हा वाद चालला, आणि त्याचं मोठं कारण हेच की त्या पद्धतीत नेमकं काय धरायचं आणि तुलना कुणाशी करायची हे आधी ठरलंच नव्हतं. तुमच्या पैशातून पुन्हा तोच वाद उभा राहायला नको.

म्हणून कुठलाही पैसा सुटण्याआधी दोन गोष्टी कागदावर घ्या. एक, या शेतांवर नेमकं काय काय केलं जाणार आहे त्याची यादी, "पर्माकल्चर" हा शब्द न वापरता. दोन, तुलना कुणाशी. शेजारच्या नेहमीच्या शेताशी तुलना केली तर एक उत्तर येतं, त्याच मेहनतीने आणि तेवढ्याच सल्ल्याने चांगलं केलेल्या साध्या शेताशी केली तर दुसरं. दोन्ही तुलना प्रामाणिक आहेत, पण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि कुठला विचारताय ते आधी सांगितलं पाहिजे.

मिश्र लागवडीचं उत्पादन मोजताना एलईआर (लँड इक्विव्हॅलंट रेशो, म्हणजे तेवढंच पीक वेगवेगळं घ्यायला किती जमीन लागली असती) नावाचा आकडा वापरतात, तो समजून घ्या कारण प्रपोजलमध्ये येईलच. समजा एकट्या मक्याचं हेक्टरी ४ टन येतं, एकट्या घेवड्याचं १ टन, आणि दोन्ही एकत्र लावल्यावर हेक्टरी ३ टन मका आणि अर्धा टन घेवडा आला. ३ भागिले ४ म्हणजे ०.७५, त्यात ०.५ मिळवा, झाले १.२५. म्हणजे एवढंच पीक वेगवेगळं घ्यायला सव्वा हेक्टर लागलं असतं. दोन-तीन पिकांना हे झकास चालतं. पण वीस-पंचवीस प्रकारची पिकं असलेल्या बागेत प्रत्येक पिकाचं एकट्याचं उत्पादन कुठून आणणार? मग सरकारी सरासरी आकडे घेतात, आणि तुमची जमीन सरासरीपेक्षा चांगली किंवा वाईट असली की आकडा आपोआप वरखाली होतो. शिवाय एलईआरमध्ये मजुरी कुठेच येत नाही.

मजुरीवरून आठवलं, खरं तर सगळ्यात जास्त लपवाछपवी इथेच असते, मुद्दाम केलेली नसते पण असते. शेतावर काम करणारे घरचे लोक, शिकायला आलेले स्वयंसेवक, यांचे तास शून्य धरले की कुठलीही शेती फायद्यात दिसते. मी कायम तासांची वही मागतो, कुणी काम केलं ते नावानिशी नको पण बाई, पुरुष, मूल, बाहेरचा माणूस एवढं तरी, कारण घरातल्या बाईचे रोजचे दोन तास वाढले आणि त्याबदल्यात ताटात एक भाजी वाढली हा सौदा चांगला की वाईट हे तिलाच विचारायला हवं, आपण बाहेर बसून ठरवू शकत नाही.

तसंच बाहेरून आलेल्या मालाचं. आच्छादनाचा पाला, शेणखत, लाकडाचा चुरा, कोंबड्यांचं खाद्य हे सगळं कुठल्या तरी दुसऱ्या जमिनीवर तयार झालेलं असतं. फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या बेक-एलुआँ फार्मवर २०११ ते २०१५ मध्ये अभ्यास झाला आणि १००० चौरस मीटर भाजीपाल्यातून एका माणसाचं पूर्णवेळ उत्पन्न निघू शकतं हा निष्कर्ष जगभर फिरला. काम चांगलंच होतं, माल हाताने पिकवलेला, नोंदी केलेल्या. पण नंतर जी टीका झाली ती हीच की त्या १००० मीटरांना पोसणारी आजूबाजूची जमीन आणि बाहेरून येणारं खत आकड्यात दिसत नाही. शिवाय तो आकडा उत्पन्नाचा आहे, पोट भरण्याचा नाही, हे सांगताना लोक सोयीने विसरतात. तेव्हा गेटमधून आत आलेलं सगळं वजन करून लिहायचं, बाहेर गेलेलंही. आणि फार्मवर कोर्स घेऊन मिळणारी फी वेगळ्या पानावर. कोर्सवर चालणारा फार्म वाईट असतो असं अजिबात नाही, पण गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याने कोर्स घ्यायचे म्हटलं तर शिकायला येणार कोण?

दोन वर्षांचं काय ते आता सांगतो. दोन वर्षांत तुम्ही पर्माकल्चरचा सगळ्यात वाईट काळ मोजाल. गव्हाच्या काडासारखं आच्छादन मातीत मिसळलं गेलं तर त्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, साधारण ८० ला १ असं प्रमाण, आणि पंचवीस-तीसच्या वर प्रमाण गेलं की ते कुजवणारे जीवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात, म्हणून सुरुवातीला पिकं पिवळी पडू शकतात. काड नुसतं वरवर पसरलेलं असेल तर हा त्रास कमी असतो. फळझाडांना धरायला तीन ते सात वर्षं लागतात. मातीतला सेंद्रिय कर्ब तर इतका हळू बदलतो आणि एकाच शेतात जागोजागी इतका वेगळा असतो की पाच वर्षांच्या आत फरक दिसला म्हणणाऱ्याकडे मी जरा संशयानेच बघतो. आणि कर्ब मोजताना मातीची घनताही मोजलीच पाहिजे, नुसता टक्का घेतला तर भुसभुशीत झालेली माती उगाच श्रीमंत दिसते. लांब पल्ल्याचं मोल बघायचं तर इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राचा ब्रॉडबाल्क नावाचा गव्हाचा प्रयोग बघा, १८४३ पासून चालू आहे. तुमच्याकडून एवढी अपेक्षा नाही, पण पाच वर्षं तरी. पैसे कमी असतील तर शेतं कमी करा, वर्षं कमी करू नका.

आजवर काय कळलंय ते थोडक्यात सांगतो, कारण "काहीच पुरावा नाही" आणि "सगळं सिद्ध झालंय" ही दोन्ही टोकं चुकीची आहेत. २०१४ मध्ये फर्ग्युसन आणि लव्हेल यांनी पर्माकल्चरवरच्या साहित्याचा मोठा आढावा घेतला तेव्हा त्यांना दिसलं की चळवळ जगभर पसरलीय पण विज्ञानापासून बरीच तुटलेली आहे, दावे मोठे आणि मोजमाप थोडं. त्यानंतर चित्र सुधारतंय. २०२४ मध्ये मध्य युरोपातल्या नऊ पर्माकल्चर शेतांची आसपासच्या नेहमीच्या शेतांशी तुलना छापून आली, त्यात मातीतला कर्बसाठा सुमारे २७ टक्के जास्त आणि गांडुळांची संख्या जवळजवळ तिप्पट निघाली. माती आणि जैवविविधतेच्या बाजूने पुरावा जमतोय हे मी मान्य करतो. उत्पादनाबद्दल जवळचा पुरावा सेंद्रिय शेतीचा आहे: २०१५ च्या एका मोठ्या विश्लेषणात सेंद्रिय उत्पादन सरासरी १९ टक्क्यांनी कमी निघालं, पण जिथे मिश्रपिकं किंवा फेरपालट होती तिथे ही तूट ८-९ टक्क्यांवर आली. पण यातलं जवळजवळ काहीच गरीब घरांच्या ताटापर्यंत पोचत नाही. ती जागा मोकळी आहे आणि तुमच्यासारख्या छोट्या गटाने तिथेच हात घालावा असं माझं मत.

मग मी पैसे कसे खर्च केले असते? पहिलं म्हणजे एक मॉडेल फार्म नको. मॉडेल फार्म बघून पद्धतीबद्दल मत बनवणं म्हणजे पहिल्या नंबराच्या मुलाचा पेपर बघून अख्ख्या शाळेचा निकाल लावणं. त्याऐवजी आधीपासून शेती करत असलेली वीस-तीस घरं घ्या. मलावीमध्ये सिग्लिंड स्नॅप आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात मदर-बेबी ट्रायल नावाची पद्धत बसवली, मला ती अजूनही सगळ्यात शहाणपणाची वाटते: मध्ये एका ठिकाणी सगळे पर्याय नीट मांडलेले, संशोधकांनी सांभाळलेले, आणि भोवतालच्या शेतकऱ्यांनी त्यातले दोन-तीन पर्याय स्वतः निवडून आपापल्या रानात करायचे. मधल्या प्लॉटवरून शास्त्र कळतं, भोवतालच्या रानांवरून लोक नक्की काय उचलतात आणि काय सोडून देतात ते कळतं. दुसरं कळणं जास्त मोलाचं.

तुलनेचा गट कुठून आणायचा, लोकांना मुद्दाम वंचित ठेवायचं का, हा प्रश्न नेहमी येतो. त्याला सोपा उपाय आहे. प्रशिक्षण सगळ्यांना एकदम देता येतच नाही, तेव्हा कुणाला पहिल्या वर्षी, कुणाला दुसऱ्या, कुणाला तिसऱ्या हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि मोजणी मात्र सगळ्यांची पहिल्या दिवसापासून. मागून येणारे आपोआप तुलनेचा गट होतात, कुणावर अन्याय होत नाही, आणि "जे उत्साही होते तेच आले म्हणून निकाल चांगला" ही शंकाही बरीच जाते. मधेच सोडून गेलेल्या घरांकडे पुढच्या वर्षीही जायचं, हे करारात लिहा. का सोडलं, ताटात काय फरक पडला, ही माहिती कुणीच गोळा करत नाही, आणि मोठ्या प्रमाणावर हे चालेल का याचं उत्तर बरंचसं तिथेच दडलेलं असतं.

सगळ्यात मोठा खर्च नोंदी ठेवणाऱ्या माणसावर करा. ड्रोन, सेन्सर, अ‍ॅप हे प्रपोजलमध्ये देखणे दिसतात. पण दर आठवड्याला घरी जाऊन लटकत्या काट्यावर टोपली तोलणारा, खाल्लं किती, विकलं किती, वाटलं किती, जनावराला घातलं किती हे चार रकाने भरणारा माणूस पाच वर्षं टिकला पाहिजे, त्यासाठी त्याला नीट पगार हवा. घरच्यांनाही नोंदीच्या वेळेचे पैसे द्या, आणि डेटा आधी त्यांना दाखवा.

थोडे पैसे छोट्या दाव्यांसाठी बाजूला काढा. उदाहरणार्थ कॉम्फ्रीसारखी खोल मुळांची झाडं खालून पोषणद्रव्यं वर आणतात आणि शेजारच्या पिकाला देतात हे पर्माकल्चरवाले सर्रास सांगतात, पण शेजारच्या पिकाला खरंच किती मिळतं याचा पुरावा अगदी तुटपुंजा आहे, आणि एखादा विद्यार्थी दोन हंगामांत हे तपासू शकतो. यंत्रणा उलगडली की पद्धतीला केवढा मान मिळतो ते बघायचं तर केनियातल्या इसिपे या कीटक संशोधन संस्थेचं पुश-पुल (किडीला ढकला आणि ओढा) काम बघा: मक्यात डेस्मोडियम हे शेंगवर्गीय झुडूप, कडेला नेपियर गवत. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिड्याचे पतंग दूर जातात, नेपियर त्यांना ओढून घेतं, आणि डेस्मोडियमच्या मुळांतून निघणारी द्रव्यं मक्याच्या मुळांवर जगणाऱ्या स्ट्रायगा तणाचं बी अवेळी रुजवून मारतात. पर्माकल्चरवाले ज्याला "झाडांची मैत्री" म्हणतात तेच हे, पण इथे कोण कुणाला काय करतं हे मोजून दाखवलं म्हणून पुढे हजारो शेतकऱ्यांनी ते उचललं.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत. जिथे घरांकडे जमीनच जेमतेम परसाएवढी आहे तिथे विविधता आणि तंगीचे महिने हीच मापं घ्या, कॅलरीत फार गुंतू नका. जिथे धान्यच कमी पडतं तिथे आधी कंद, धान्य, कडधान्य. जमीन भाडेपट्ट्याची असेल तर झाडांवर आधारलेला आराखडा कितीही सुंदर असो, लोक करणार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. पाण्याचा तुटवडा असेल तर पहिली दोन वर्षं पाण्याच्या कामातच जातील, तेव्हा उत्पादनाचा आकडा मागूच नका.

तर आत्ता त्या मंडळींना एवढंच लिहून पाठवा: मॉडेल फार्मऐवजी चालू शेतं, दोनऐवजी पाच वर्षं, टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण, ताटाची तीन मापं, मजुरीची आणि गेटमधून आत-बाहेर झालेल्या मालाची वही, आणि निकाल उलटा आला तरी तो छापायचा असं आधीच लेखी. सोबत विचारा की कुठला निकाल आला तर तुम्ही म्हणाल की इथे पर्माकल्चर उपयोगी पडलं नाही. याचं नेमकं उत्तर देणारी टीम असेल तर पहिल्या वर्षाचे पैसे बिनधास्त द्या आणि पुढचे हप्ते निकालावर न बांधता नोंदींच्या वह्यांवर बांधा. "असा निकाल येणारच नाही" असं उत्तर आलं तर मला पुन्हा लिहा, दुसरी टीम कशी शोधायची त्यावर बोलू.